दिलेलं औषध जातं कुठे?

परळला जाऊन कुणाला ‘बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय कुठे आहे?’ असं विचारलं, तर तो क्षणभर विचारात पडेल. पण ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की लगेच हात करून रस्ता दाखवेल. या लोकांनी ठेवलेल्या नावातच इतिहास आहे. १८८० च्या दशकात हे रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या बळावर चालत होती. कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून जात. ट्रामसुद्धा १८७४ पासून १९०५ पर्यंत घोडेच ओढत होते. खांदेसूज झालेला बैल, दगडी रस्त्यावर पाय मुरगळलेला घोडा, पोटशुळाने लोळणारं जनावर हे सगळे इथले रोजचे रुग्ण. त्यांना बरं करणारी माणसं हवीत, म्हणून १८८६ मध्ये परळलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते आजही तिथे आहे.

मुक्या जनावरांविषयीची कणव मुंबईला त्याआधीपासून होती. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ सालचा. पण पांजरापोळात जनावराला चारा, पाणी आणि निवारा मिळे. परळला त्याला औषध मिळू लागलं. हा फरक मोठा आहे. चारा थोडा कमीजास्त झाला तर फारसं बिघडत नाही. औषध मात्र हिशोब मागतं. किती द्यायचं, कशातून द्यायचं, किती वेळाने पुन्हा द्यायचं आणि ते शरीरातून कधी जाईल, हा सगळा हिशोब करणारं शास्त्र म्हणजे औषधशास्त्र.

या लेखात आपण त्याच हिशोबातल्या एका चुकलेल्या रकमेची गोष्ट पाहणार आहोत. ही गोष्ट परळच्या शास्त्राची आहे, आणि परळहून दिसणाऱ्या आकाशाचीही.

औषधाचा प्रवास

पशुवैद्यकाच्या किंवा पशुधन पर्यवेक्षकाच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राचे सुरुवातीचे धडे दोन प्रश्नांभोवती फिरतात. औषध शरीराचं काय करतं? आणि शरीर औषधाचं काय करतं? पहिला प्रश्न आपल्या लगेच लक्षात येतो, कारण त्यासाठीच तर औषध दिलेलं असतं. दुसऱ्याकडे आपलं दुर्लक्ष होतं.

शरीरात गेलेलं औषध चार मुक्काम करत जातं. सुईच्या जागेवरून किंवा आतड्यातून ते रक्तात येतं, हे शोषण. रक्ताबरोबर ते निरनिराळ्या अवयवांत पोहोचतं, हे वितरण. मुख्यतः यकृतात त्याची मोडतोड होऊन दुसरे पदार्थ तयार होतात, हे रूपांतर. शेवटी मूत्र, शेण, थोड्या प्रमाणात दूध यांतून ते बाहेर पडतं, हे उत्सर्जन.

या चारही मुक्कामांवर प्रत्येक प्राणिजातीची तऱ्हा वेगळी असते. आपण ताप आला की पॅरासिटॅमॉलची गोळी सहज घेतो. तीच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण या औषधाला निरुपद्रवी करणारी यकृतातली एक रासायनिक क्रिया मांजरात फारच दुबळी असते. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला जितकं लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते. म्हणून पशुवैद्यकाला ‘मोठं जनावर, मोठी मात्रा’ एवढं गणित पुरत नाही. गाय म्हणजे मोठी शेळी नव्हे आणि मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे, हे त्याला कायम लक्षात ठेवावं लागतं.

आता एक प्रश्न. पुस्तकातला प्रवास उत्सर्जनाशी संपतो. पण औषध अर्ध्या वाटेवर असतानाच जनावर मेलं तर? रक्ताभिसरण थांबलं, यकृत थांबलं, मूत्रपिंड थांबलं. औषध जिथे होतं तिथेच राहिलं. मग त्याचा पुढचा मुक्काम कोणता?

एक गुणी औषध

डायक्लोफेनॅक हे नाव बहुतेकांच्या घरात ठाऊक आहे. कंबर धरली, गुडघा दुखला की याची गोळी, इंजेक्शन किंवा मलम दिलं जातं. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवून दिलं, की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाहीत, आणि म्हणून वेदना, सूज व ताप कमी होतात. या कामाचा १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. याच गटातलं डायक्लोफेनॅक हे स्वित्झर्लंडमधल्या सिबा-गायगी कंपनीचं औषध.

माणसांत रुळलेलं हे औषध १९९० च्या दशकात आपल्याकडे जनावरांसाठीही सर्रास वापरलं जाऊ लागलं. त्यात नवल नव्हतं. ते स्वस्त होतं आणि गुण लवकर दाखवत होतं. लंगडणारा बैल पुन्हा औताला उभा राही. कास सुजलेली गाय चारा खाऊ लागे. म्हातारं जनावर शेवटच्या दिवसांत तळमळत असेल, तर त्याच्या वेदना तरी कमी होत. गाय-बैल मरेपर्यंत सांभाळायचे आणि मेल्यावर गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे उपचार चालू असतानाच मेलेली काही जनावरं उघड्यावर पडत. पुढचं काम गिधाडं करत.

रिकामं झालेलं आकाश

आम्ही लहानाचे मोठे झालो गिरगावात. शाळेतून परतताना मलबार हिलच्या बाजूला उंचावर संथ घिरट्या घालणारे मोठे पक्षी दिसायचे. घरातली मोठी माणसं सांगत, ‘ती डुंगरवाडीची गिधाडं.’ डुंगरवाडीला पारशी समाजाची दोखमं आहेत. मृतदेह अग्नीला, मातीला किंवा पाण्याला न देता पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा, ही त्यांची परंपरा मुंबईत सतराव्या शतकापासून चालत आली. पुढे ते पक्षी दिसेनासे झाले. कधी, हे आम्हाला सांगता येणार नाही. रोज दिसणारी गोष्ट नाहीशी होते तेव्हा तिची तारीख कुणी टिपून ठेवत नाही.

टिपून ठेवणारी माणसं मात्र होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) डॉ. विभू प्रकाश हे राजस्थानातल्या भरतपूरच्या अभयारण्यात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी तिथली गिधाडं आणि घरटी मोजून ठेवली होती. १९९६ च्या सुमाराला पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या झपाट्याने उतरलेली होती. घरट्यांत, झाडाखाली मेलेली गिधाडं सापडत होती. जिवंत असलेल्यांपैकी काही मान खाली टाकून तासन् तास बसलेली दिसत. जुनी मोजणी हाताशी नसती, तर ‘हल्ली गिधाडं जरा कमीच झालीत’ एवढ्यावर विषय संपला असता.

पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे दर हजारात एक उरलं. लांब चोचीच्या दोन जातींची मिळून घट ९६.८ टक्के होती.

चुकीचा तर्क, मग बरोबर प्रश्न

गिधाडं मेली कशाने? सुरुवातीला बहुतेक तज्ज्ञांचा तर्क होता, की हा एखादा नवा विषाणूजन्य रोग असावा. तो तर्क वावगा नव्हता. एकाच वेळी, इतक्या मोठ्या प्रदेशात, इतक्या झपाट्याने मृत्यू होतात ते बहुधा साथीनेच. पण शोध घेऊनही रोगजंतू सापडेना.

डॉ. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन करत होते. त्यांनी तपासलेल्या २५९ गिधाडांपैकी ८५ टक्क्यांत एकच खूण दिसली. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवर खडूच्या लेपासारखा पांढरा थर होता. हा थर युरिक ॲसिडचा. माणूस आणि गाय शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर टाकतात. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. युरिक ॲसिड पाण्यात फार कमी विरघळतं. मूत्रपिंडाने ते सतत बाहेर काढत राहिलं पाहिजे. मूत्रपिंड बंद पडलं की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर त्याचे थर बसतात. म्हणजे या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

कशामुळे? शिसं, पारा, कीटकनाशकं यांच्या चाचण्या झाल्या. त्यांतून उत्तर मिळालं नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग गुरांच्या पोटात आणि अंगात माणूस काय घालतो? ते गुरांचे डॉक्टर आणि औषधांचे दुकानदार यांच्याकडे गेले आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकेल, शिवाय तोंडावाटे गेल्यावरही रक्तात शोषलं जाईल असं कोणतं औषध इथे खपतं, याची चौकशी केली. उत्तर आलं, डायक्लोफेनॅक.

आता पुरावा हवा होता. मूत्रपिंडं निकामी होऊन, अंगात युरिक ॲसिड साठून मेलेली २५ गिधाडं तपासली. पंचवीसच्या पंचवीस जणांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक होतं. दुसऱ्या कारणांनी मेलेली १३ तपासली. एकातही नव्हतं. शेवटी, निसर्गात परत सोडता न येणाऱ्या काही गिधाडांना हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं. जास्त मात्रा गेलेली गिधाडं मेली, आणि त्यांच्या अवयवांवर तोच पांढरा थर आढळला. हे संशोधन २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

कागदावर हिशोब

हा हिशोब आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. चारशे किलो वजनाच्या बैलाला किलोमागे एक मिलिग्रॅम या दराने औषध दिलं, तर एकूण ४०० मिलिग्रॅम झालं. गिधाडांच्या बाबतीत किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतकी मात्रा निम्म्या पक्ष्यांचा जीव घेते. गिधाडाचं वजन पाच किलो धरलं, तर ही मात्रा अर्धा ते एक मिलिग्रॅम होते. गिधाड एका बैठकीला किलोभर मांस खाऊ शकतं. म्हणजे ताज्या मेलेल्या जनावराच्या एका जेवणात मरण्यापुरतं औषध आलं.

पण जनावर जिवंत राहिलं तर? गाईच्या रक्तात डायक्लोफेनॅकचा अर्धायुकाल सुमारे १२ तासांचा असतो. दर १२ तासांनी ते निम्मं होतं.

वर्गात हे चिंचोक्यांनी दाखवता येईल. फोडलेले ६४ चिंचोके घ्या. मुठीत हलवून जमिनीवर टाका. पांढरी बाजू वर आली ते बाजूला काढा. ही झाली १२ तासांनंतरची स्थिती. उरलेले पुन्हा टाका. साधारण ३२, १६, ८, ४ असा क्रम मिळेल. प्रत्येक वेळी नेमके निम्मे पडणार नाहीत, पण त्याने बिघडत नाही. सहा डाव म्हणजे तीन दिवस. तीन दिवसांनी एखाद-दुसराच चिंचोका उरलेला असेल. भारतातल्या गाईंवर झालेल्या प्रयोगातही यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांत हे औषध सुमारे ७१ तासांपर्यंत सापडलं. म्हणजे हे औषध वर्षानुवर्षं साठून राहणारं विष नव्हे. गाय तीन-चार दिवस जगली, तर ते जवळजवळ निघून जातं. धोका आहे तो उपचारानंतर लगेच मेलेल्या जनावराचा.

मग अशा थोड्या जनावरांनी एवढा अनर्थ कसा झाला? त्याचंही गणित मांडलं गेलं. उघड्यावर पडलेल्या गुरांच्या शवांपैकी एक टक्क्याहूनही कमी, ०.१३ ते ०.७५ टक्के शवांत जरी मारक प्रमाणात औषध असेल, तरी गिधाडांची घट समजावून सांगता येते. कारण एका शवावर डझनावारी गिधाडं उतरतात, आणि हे पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतात गोळा केलेल्या १८४८ नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला याच्या शंभरपट मात्रा देऊनही काही झालं नाही. तेही गिधाडच म्हणवतं, तेही मेलेलंच खातं. पण त्याचं कुळ वेगळं. पॅरासिटॅमॉल आणि मांजराचा धडा इथे पुन्हा आला. नावावरून, सवयीवरून किंवा आकारावरून औषधाचा परिणाम ठरत नाही.

दुरुस्ती

गुरांच्या वेदना दूर करायचं थांबवून गिधाडं वाचवा, असं कुणी म्हणणार नाही. म्हणून पर्याय शोधला गेला. मेलॉक्सिकॅम हे त्याच गटातलं औषध गिधाडांवर तपासलं गेलं आणि त्यांना अपाय होत नाही असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली.

पण तिसऱ्या मुक्कामाचा, म्हणजे रूपांतराचा विसर पडला होता. बाजारात ॲसेक्लोफेनॅक नावाचं औषध होतं. नाव वेगळं, परवाना वेगळा. गाईच्या शरीरात मात्र त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. समोरच्या दारावर कुलूप होतं आणि मागचं दार उघडं होतं. ॲसेक्लोफेनॅक आणि गिधाडांना घातक ठरलेलं किटोप्रोफेन या दोन्हींवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस आली. पहिल्या बंदीपासून इथवर यायला अठरा वर्षं लागली.

मधल्या काळात काय झालं? डुंगरवाडीला गिधाडांचं काम करण्यासाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. काही पारशी कुटुंबांनी दहनाचा मार्ग स्वीकारला आणि त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वरळीला प्रार्थनागृह सुरू झालं. एका समाजाला आपल्या शतकांच्या रीतीचा पुन्हा विचार करावा लागला. गावोगावी शवांवर भटकी कुत्री पोसली जाऊ लागली, पाणी दूषित होऊ लागलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं अधिक मेली. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण कोणत्या आकाराच्या गोष्टीविषयी आपण बोलतो आहोत, हे त्यावरून कळतं.

गिधाडं पार संपलेली नाहीत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावसारख्या ठिकाणी लोकांच्या मदतीने ती राखली गेली. हरयाणात पिंजोरला बीएनएचएसच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच इथे आणली गेली. पण ज्या पक्ष्याला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्याचे हजार पुन्हा व्हायला कित्येक पिढ्या जाव्या लागतील.

एका माणसाची दोन कामं

शेवटी पुन्हा जुन्या मुंबईत जाऊ. १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची एक सूची प्रसिद्ध झाली. ती तयार करणारे डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही जाणणारे मराठी डॉक्टर. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हेच डॉ. सखाराम अर्जुन. औषधांची यादी करणारा माणूस आणि निसर्गाच्या नोंदी ठेवणारी संस्था काढणारा माणूस एकच होता.

पुढे ज्ञान वाढलं तशी कामं वाटली गेली. औषधांचं शास्त्र परळला, पक्ष्यांचं शास्त्र फोर्टला. एवढं ज्ञान एका डोक्यात मावत नाही, म्हणून ही वाटणी अपरिहार्य होती आणि तिने फायदाही झाला. पण दोन शाखांच्या मधल्या जागेत एक प्रश्न पडून राहिला. गाईला औषध द्यायच्या आधी गाईचा विचार झाला, दूध पिणाऱ्या माणसाचा विचार झाला. मेलेली गाय खाणाऱ्या पक्ष्यावर मात्र तोवर या औषधाची चाचणी झालेली नव्हती. यात कुणी दुष्टपणा केला नाही. शेतकऱ्याला बैलाची कणव होती, डॉक्टरने आपलं काम नीट केलं होतं. कणव खरी होती, हिशोब अपुरा होता.

आपल्या शाळांतली काही मुलं उद्या पशुधन पर्यवेक्षक होतील, काही औषधांची दुकानं चालवतील, आणि पुष्कळशी गाई-बैल पाळतील. औषधाचे चार मुक्काम शिकवताना त्यांना पाचव्याचीही सवय लावावी. हे कुणाच्या अंगात गेलं आणि त्याच्यानंतर कुणाच्या अंगात जाईल? आपल्या गावात मेलेलं जनावर कुठे टाकतात, त्याला शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं होतं, याची चौकशी मुलांनी घरी आणि जनावरांच्या दवाखान्यात करावी. उपचार सुरू असताना दगावलेलं जनावर पुरायचं, उघड्यावर टाकायचं नाही, एवढं एक वाक्य जरी त्यातून घरोघरी पोहोचलं, तरी एखादं गिधाड त्या दिवशीचं जेवण पचवून पुन्हा आकाशात जाईल.